विम्याचा क्लेम, सह्या केलेले दोन चेक आणि घरी आलेला मदतनीस

इंदूरच्या राजेंद्र नगरातल्या एका मराठी कुटुंबाची ही फसवणूक आहे. नावं दिलेली नाहीत. ज्या घरात नुकतंच कुणी गेलं आहे आणि विम्याचे कागद काढायची वेळ आली आहे, त्यांनी सही करण्याआधी हे वाचावं.

घरातले कर्ते गृहस्थ चौपन्नाव्या वर्षी हृदयविकाराने गेले. पीथमपूरच्या कारखान्यात नोकरी होती. पाच लाखांची एलआयसीची पॉलिसी होती, जेमतेम सव्वादोन वर्षांची, नॉमिनी पत्नी. तेरावं झालं आणि तिसऱ्याच दिवशी ओळखीतल्या कुणाचं तरी नाव सांगत एक माणूस दारात आला. "वहिनी, तुम्ही कशाला ऑफिसात खेटे घालता? मी आहे ना. फक्त पॉलिसीला तीन वर्षं झालेली नाहीत. असे क्लेम सरळ नाकारतात. आत थोडं सेटिंग करावं लागेल."

सेटिंगचे चाळीस हजार ठरले. पंधरा हजार यूपीआयने गेले, पंचवीस हजार रोख.

तीन वर्षांची गोष्ट त्याने हवेतून काढली नव्हती, म्हणूनच ती पटली. विमा कायदा १९३८ च्या कलम ४५ प्रमाणे पॉलिसीला तीन वर्षं पूर्ण झाली की कंपनीला कोणत्याही कारणाने तिच्यावर शंका घेता येत नाही. तीन वर्षांच्या आत मृत्यू झाला तर ऑफिसच्या भाषेत तो 'अर्ली क्लेम' होतो आणि कंपनी चौकशी करू शकते. पण चौकशी म्हणजे नकार नव्हे. प्रपोजल फॉर्ममध्ये, म्हणजे विमा घेताना भरलेल्या अर्जात, आजार किंवा दुसरी महत्त्वाची माहिती लपवली होती का, हे त्यात मुख्यतः पाहतात. क्लेम नाकारायचा तर कारण आणि आधार लेखी कळवावा लागतो. फसवणूक नसून माहिती चुकीची दिली होती म्हणून नाकारला, तरी भरलेले हप्ते ९० दिवसांत परत द्यावे लागतात. यात सेटिंगला जागाच नाही. लपवलेलं काही नसेल तर क्लेम मिळतोच, आणि या घराचाही तसाच मिळाला. त्या माणसाने आत कुणाला काहीही दिलं नव्हतं. जे आपोआप होणार होतं, त्याचेच त्याने चाळीस हजार घेतले.

अर्ली क्लेमला कागद जास्त लागतात, हे मात्र खरं. एलआयसीत नॉमिनीने भरायचा क्लेम फॉर्म ए म्हणजे ३७८३. शेवटच्या आजारात पाहणाऱ्या डॉक्टरांचा ३७८४, दवाखान्यात भरती असतील तर ३८१६, अंत्यसंस्काराला हजर असलेल्याचा ३७८५ आणि नोकरीत असतील तर मालकाचा ३७८७. सोबत मूळ बाँड (कंपनीने दिलेला पॉलिसीचा दस्तऐवज), मृत्यू प्रमाणपत्र, नॉमिनीचं आधार, पॅन आणि बँकेचा तपशील. फॉर्म शाखेत फुकट मिळतात, वेबसाइटवरही आहेत. जिथून पॉलिसी चालते त्या शाखेचं नाव हप्त्याच्या पावतीवर असतं. तिथल्या क्लेम विभागात स्वतः जाऊन द्यायचे आणि आपल्याकडच्या झेरॉक्सवर तारखेसह इनवर्डचा, म्हणजे कागद मिळाल्याचा, शिक्का मारून घ्यायचा. हा शिक्का महत्त्वाचा, कारण विमा नियामक आयआरडीएआयच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे चौकशी नसेल तर १५ दिवसांत आणि चौकशी असेल तर ४५ दिवसांत मृत्यूच्या क्लेमचा निकाल लागायला हवा. कागद तुम्ही कधी दिले हेच दाखवता आलं नाही, तर हे दिवस मोजणार कुठून?

दुसरा पैसा त्याने नावातल्या फरकावर काढला. हे मध्य प्रदेशातल्या मराठी घरांत फार होतं. इथे मृत्यू प्रमाणपत्र हिंदीत निघतं, हिंदीत ळ लिहीत नाहीत, मग काळे यांचे काले होतात. बाँडवर वसंत, आधारवर बसंत. कुठे मधलं वडिलांचं नाव आहे, कुठे नुसतं नाव-आडनाव. "वेगळी फाइल बनवावी लागेल" म्हणत त्याने पाच हजार घेतले. प्रत्यक्षात दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं स्टँप पेपरवरचं, नोटरी केलेलं शपथपत्र बहुतेक वेळा पुरतं. चूक प्रमाणपत्रातच असेल तर ज्या निबंधकाने नोंद केली, म्हणजे नगर निगम किंवा सरकारी दवाखाना, तिथेच दुरुस्तीचा अर्ज करायचा. त्याहून सोपं म्हणजे नोंद होतानाच आधार आणि बाँड समोर धरून अक्षर न् अक्षर तपासणं. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत फुकट होते, त्या धावपळीत हे राहून जातं.

खरा घाव यापुढे आहे.

एका दुपारी तो कागदांचा गठ्ठा घेऊन आला. जिथे सही हवी तिथे पेन्सिलने फुल्या मारलेल्या. वहिनी सह्या करत गेल्या, तो पानं उलटत गेला. शेवटी म्हणाला, "बँकेसाठी दोन चेक द्या सही करून. रद्द मी ऑफिसात करून घेतो."

रद्द केलेल्या चेकवर सही लागत नाही. चेकवर दोन तिरप्या रेघा मारायच्या, मध्ये मोठ्या अक्षरांत 'रद्द' लिहायचं, आणि हे आपण, आपल्या हाताने, घरातच करायचं. कंपनीला त्यावरून फक्त खाते क्रमांक, आयएफएससी आणि छापलेलं नाव हवं असतं. नाव छापलेला चेक नसेल तर पासबुकच्या पहिल्या पानाची झेरॉक्स चालते. सही केलेला कोरा चेक मागणारा माणूस पैसे आणायला आलेला नसतो, न्यायला आलेला असतो.

गठ्ठ्यात क्लेमच्या फॉर्मांच्या खाली एका खासगी कंपनीचा नवा प्रपोजल फॉर्म होता. दरवर्षी एक लाख, दहा वर्षं. मोबाइल वहिनींचा, पण ई-मेल त्या माणसाचा. क्लेमची रक्कम खात्यात आली आणि आठवड्याभरात त्यातले एक लाख त्या चेकने पहिला हप्ता म्हणून गेले. "तेवढी रक्कम ऑफिस डिपॉझिट ठेवतं, नंतर परत मिळते," असं त्याने सांगितलं. विमा कंपनी क्लेमच्या रकमेतलं कसलंही डिपॉझिट ठेवत नाही.

नवी पॉलिसी देताना कंपनीकडून पडताळणीचा फोन येतो. योजना समजली का, हप्ता किती वर्षं भरायचा हे माहीत आहे का, असं विचारतात आणि ते रेकॉर्ड होतं. त्याने आधीच पढवलं होतं, "फोन आला की सगळ्याला हो म्हणा, नाहीतर क्लेम अडकेल." त्या हो म्हणाल्या. आता तोच आवाज त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून पुढे येतो. क्लेमच्या काळात कुणी 'हप्ता', 'मुदत', 'प्रपोजर' (विम्यासाठी अर्ज करणारा) असे शब्द उच्चारले की तिथेच सांगायचं, मी नवी पॉलिसी घेतलेली नाही.

वर्षभराने पोस्टाने दुसऱ्या हप्त्याची नोटीस आली, तेव्हा उलगडा झाला. नवी पॉलिसी नको असेल तर बाँड हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, त्याला फ्री लुक म्हणतात. इथे बाँड त्या माणसाच्या ई-मेलवर गेलेला, वहिनींनी पाहिलेलाही नाही. तक्रारीत हा मुद्दा सगळ्यात वर लिहावा, कारण मुदत बाँड मिळाल्यापासून धरतात, छापल्यापासून नाही.

त्याने जे सांगितलं नाही, तेही नुकसानच. पीएफ कापला जात होता म्हणजे त्यासोबत ईडीएलआय हा विमा होता, ज्याचा हप्ता कामगाराला भरावा लागत नाही. सलग १२ महिने नोकरी झालेली असेल तर वारसाला किमान अडीच लाख, जास्तीत जास्त सात लाख. पीएफसाठी फॉर्म २०, विधवा पेन्शनसाठी १०डी, ईडीएलआयसाठी ५आयएफ. तिन्हींचा मिळून एक एकत्रित फॉर्मही आहे, तो कारखान्याच्या सहीने जातो. नवऱ्याच्या पासबुकात मे अखेरीस ४३६ रुपयांची नोंद होती. ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याची, दोन लाखांची. त्याचा क्लेम बँकेतूनच होतो. यात कमिशन नाही, म्हणून त्याच्या तोंडून यातलं अक्षर निघालं नाही. मृत व्यक्तीच्या सगळ्या पासबुकांची मागच्या दोन वर्षांची पानं ओळीने वाचावीत. ४३६ किंवा २० रुपये दिसले तर बँकेत विचारावं. २० रुपयांचा विमा अपघाताचा असतो.

पुढे फोनही सुरू झाले. "आयआरडीएआयमधून बोलतोय, मिस्टरांच्या पॉलिसीचा बोनस पडून आहे, आधी जीएसटी आणि टीडीएस भरा." आयआरडीएआय कुणालाही बोनससाठी फोन करत नाही. वैयक्तिक आयुर्विम्यात नॉमिनीला मृत्यूनंतर मिळणाऱ्या रकमेवर प्राप्तिकर नसतो आणि क्लेमवर जीएसटी तर नसतोच. जुनी पॉलिसी खरोखर राहून गेल्याची शंका असेल तर प्रत्येक विमा कंपनीच्या वेबसाइटवर दावा न केलेल्या रकमा शोधायची सोय आहे.

फोनवरून पैसे गेले असतील तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला कळवायचं. रक्कम पुढच्या खात्यांत जाण्याआधी गोठवता आली तरच परत येण्याची आशा. गळ्यात मारलेल्या पॉलिसीसाठी आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्यायचं. महिन्याभरात उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारा अधिकारी. मध्य प्रदेशासाठी त्यांचं कार्यालय भोपाळला आहे. फी नाही, वकील लागत नाही, पन्नास लाखांपर्यंतचं प्रकरण चालतं. कंपनीने नकार दिल्यापासून एका वर्षात जावं लागतं. घरी येऊन पैसे नेणाऱ्या माणसाविरुद्ध मात्र तक्रार पोलीस ठाण्यातच, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली. तिथे पहिला प्रश्न पुराव्याचा येतो. या घराकडे यूपीआयच्या पंधरा हजारांची नोंद होती, त्याचे व्हॉट्सॲपवरचे निरोप होते, चेकचा क्रमांक होता. रोख दिलेल्या पंचवीस हजारांचा आणि नावाच्या फाइलीच्या पाच हजारांचा कुठेही कागद नव्हता.