७० मिलिमीटरची दुर्बीण: भिंग चोख, तिवई लंगडी

आकाशनिरीक्षणाची सुरुवात करणाऱ्यांना बहुधा सुचवली जाते ती ७० मिलिमीटर व्यासाच्या भिंगाची आणि ७०० मिलिमीटर नाभीय अंतराची (भिंगापासून प्रकाश जिथे एकवटतो तिथपर्यंतच्या अंतराची) दुर्बीण आम्ही इंदूरच्याच एका दुकानातून घेतली आणि रामबागेतल्या आमच्या गच्चीवर ती पुरेशी वापरून झाल्यावर हा अभिप्राय लिहीत आहे.

खोक्यावर ‘५२५ पट’ असे ठळक अक्षरांत छापलेले आहे. हा आकडा गणिताने बरोबर, पण व्यवहारात कुचकामी आहे. ७०० ला ४ मिलिमीटरच्या नेत्रिकेने (डोळा लावायच्या छोट्या भिंगाने) भागले की १७५ येतात आणि सोबत दिलेले बार्लो भिंग त्याची तिप्पट करते, एवढीच त्यातली करामत. दुर्बिणीचे खरे बळ भिंगाच्या व्यासात असते. दर मिलिमीटरला साधारण दोन पट या हिशेबाने इथे १४० पटींपलीकडे गेल्यास प्रतिमा मोठी होते खरी, पण तपशील वाढत नाही, उलट ती अंधूक आणि गढूळ होते. २५ आणि १० मिलिमीटरच्या नेत्रिकांतून अनुक्रमे २८ आणि ७० पट मोठे दिसते, आणि पैसे वसूल होतात ते याच दोहोंतून.

शुक्ल अष्टमीच्या सुमारास चंद्राच्या उजेड-अंधाराच्या सीमारेषेवरील विवरांच्या कडा इतक्या रेखीव दिसतात की त्यापुढे पौर्णिमेचा चंद्र सपाट वाटावा. गुरूचे जे चार चंद्र गॅलिलिओने १६१० मध्ये पाहिले, ते २८ पटींतही एका ओळीत सहज दिसतात. शहराच्या उजेडामुळे मृगातला तेजोमेघ मात्र फिकट धुरासारखाच राहतो. शनीची कडी २०२५ मध्ये पृथ्वीवरून अगदी कडेने दिसली. त्यानंतर ती हळूहळू उघडत असल्यामुळे अजून बारीक भासतात. जुन्या इंदूरच्या शनिमंदिरात नेमाने तेल वाहणाऱ्या आमच्या आत्याबाईंनी नेत्रिकेला डोळा लावून, ‘‘एवढासाच आहे होय हा!’’ असा निकाल दिला.

तक्रार आहे ती तिवईची. तिचे ॲल्युमिनियमचे पाय इतके हलके आहेत की फोकसच्या चाकाला बोट लागताच ग्रह थरथरू लागतो, आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे ७० पटींत तो दोन-तीन मिनिटांत दृष्टिक्षेत्राबाहेर सरकत असल्याने दुर्बीण पुन्हापुन्हा हलवावीच लागते. पायांची लांबी पूर्ण न वाढवता, मधल्या तबकडीखाली वाळूची पिशवी टांगली की हा त्रास निम्म्याने कमी होतो. तरीही हजार-दोन हजार जास्त मोजून भक्कम तिवईचा संच मिळत असेल, तर तोच घ्यावा.

नेत्रिकेवर बसवायची काळी सौर काच संचात निघाली, तर ती मुलांच्या हाती लागण्यापूर्वी फोडून टाकावी. भिंगाने एकवटलेल्या उष्णतेने ती ऐन वेळी तडकू शकते आणि डोळा कायमचा जाऊ शकतो. सूर्य पाहायचाच असेल, तर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर घट्ट बसणारे प्रमाणित फिल्टर वेगळे विकत घ्यावे.