दहा वर्षांचा डेस्कटॉप बदलायचा की सुधारायचा? एसएसडी टाकल्यानंतरचे नऊ महिने

२०२५ च्या एप्रिलमध्ये घरचा डेस्कटॉप काढून टाकायचं जवळजवळ ठरलं होतं. मॉनिटर जुनाच ठेवून बाकी सगळं नवं, असं बेचाळीस हजारांचं कोटेशन हातात होतं. मी घरून मराठी डीटीपी करते, म्हणजे छपाईची पानं संगणकावर मांडून देते. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, स्मरणिका, वर्षाकाठी एखाद-दुसरं पुस्तक. एप्रिलमध्ये लगीनसराई आणि परीक्षा एकदम येतात. त्या दिवसांत सकाळी बटण दाबल्यापासून पहिली फाइल हातात येईपर्यंत साडेसहा मिनिटं जात होती. भिंतीवरच्या घड्याळावर मोजलेली आहेत, अंदाजाने सांगत नाही. गिऱ्हाईक समोर खुर्चीत बसलेलं आणि पडद्यावर नुसतं गोल फिरतंय, हे रोजचं झालं होतं.

शेवटी नवं मशीन घेतलं नाही. जुन्यातच एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर फाइली साठवणारी डिस्क) वगैरे टाकायला ४,८४० रुपये घातले आणि नऊ महिने त्यावर रोज सहा-सात तास काम केलं. याच पेचात असलेल्यांना उपयोग व्हावा म्हणून सगळं तपशीलवार लिहिते आहे.

मशीन २०१५ साली सांगलीतच असेंबल करून घेतलेलं. इंटेलचा चौथ्या पिढीचा आय५-४४६० प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड (सगळे भाग जोडले जातात तो मुख्य बोर्ड), चार जीबी डीडीआर३ या आता जुन्या झालेल्या प्रकारची रॅम (चालू काम ठेवायची मेमरी) आणि एक टीबीची हार्ड डिस्क. त्या वेळी चांगल्यापैकी मानलं जायचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं, तेव्हा ह्यांनी आधी हे कॅबिनेट माळ्यावर चढवलं आणि मग गाद्या. घर त्याच्यावर चालत होतं, म्हणून.

दुकानदार म्हणाले, “काकू, दहा वर्षं झाली, आता यात दम नाही.” मलाही ते पटलं होतं. बहिणीचा मुलगा सुट्टीला आला होता. तो म्हणाला, “मावशी, टाकून द्यायच्या आधी टास्क मॅनेजर तरी बघ, नेमकं अडतंय कुठे ते.” बघितलं. मशीनचा कुठला भाग किती राबतोय ते त्यात दिसतं. प्रोसेसर पंधरा-वीस टक्क्यांवर, मेमरी पंच्याऐंशीच्या वर, आणि डिस्क शंभर टक्के. तो शंभरचा आकडा मशीन सुरू झाल्यापासून चार-पाच मिनिटं हलतच नव्हता. म्हणजे ज्याला आम्ही म्हातारा समजत होतो तो प्रोसेसर काम येण्याची वाट बघत बसला होता.

कारण समजल्यावर सगळं सोपं वाटलं. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, मिनिटाला ७,२०० फेरे. वाचणारं डोकं एका जागेवरून दुसरीकडे जायला दर खेपेला दहा-बारा मिलिसेकंद घेतं. मोठी एकसंध फाइल वाचायची असेल तर हे चालून जातं, पण विंडोज १० सुरू होताना हजारो बारीकसारीक फाइली इकडून तिकडून गोळा करतं आणि प्रत्येक फाइलीला ते डोकं पळवतं. त्यात रॅम चारच जीबी. ती भरली की विंडोज जास्तीचा माल त्याच डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागेल तसा परत आणतं. एकाच माणसाच्या डोक्यावर दोन पाट्या. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे ही पळापळच संपते.

भाच्याने क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअरही चालवलं. त्यात डिस्कसमोर पिवळी पट्टी आली. पेंडिंग सेक्टर, म्हणजे डिस्कवरच्या काही जागा नीट वाचल्या जात नव्हत्या. माझी अकरा वर्षांची कामं त्या डिस्कवर होती. त्या दुपारी दुसरं काही केलं नाही, बाहेरची डिस्क जोडून सगळ्या फाइली आधी तिकडे घेतल्या. कुणाचंही मशीन अचानक मंद झालं असेल तर वेग वाढवायच्या मागे लागण्याआधी हे करा, अगदी हात जोडून सांगते.

सामान असं आणलं: ५०० जीबीची साटा (जुन्या डिस्कच्याच जोडणीची) एसएसडी ३,३०० रुपये, आठ जीबी डीडीआर३ रॅमची पट्टी १,१००, एसएसडी बसवायची पट्टी आणि साटा केबल मिळून २५०, थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता पंख्याकडे पोहोचवणारी) १५०, मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल ४०. सेल मरत आला होता, वीज गेली की तारीख मागे जायची आणि मग बँकेच्या साइट उघडायच्या नाहीत. हे चाळीस रुपयांचं दुखणं आम्ही वर्षभर अंगावर काढलं होतं.

कॅबिनेट गच्चीवर नेऊन उघडलं. आत राखाडी गोधडीच होती म्हणायला हरकत नाही. प्रोसेसरवरचा पंखा चार प्लॅस्टिकच्या खुंट्यांवर बसतो. खुंटी बाणाच्या दिशेने पाव फेरा फिरवून वर ओढायची, मग पंखा हीटसिंकसकट, म्हणजे खालच्या धातूच्या पात्यांसकट, निघतो. खालची पेस्ट सुकून खडूसारखी झाली होती, नखाने खरवडली तर पापुद्रे निघाले. पंख्याखालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांमध्ये धूळ इतकी ठासलेली की वारा जायला वाटच नव्हती. रंगाच्या ब्रशने एकेक फट मोकळी केली, जुनी पेस्ट पुसून मटाराच्या दाण्याएवढी नवी लावली. पंखा परत बसवताना चारही खुंट्यांचा टक्क आवाज यायला हवा. आमची एक नीट बसली नव्हती, ती मदरबोर्डच्या मागून बघितल्यावर कळली.

रॅमने मात्र दोन दिवस खाल्ले. नवी पट्टी लावली की डिस्प्लेच येईना. जुनी काढून बघितली, जागा बदलून बघितली, पट्टीची सोनेरी टोकं खोडरबराने घासून बघितली. काही नाही. नंतर कळलं की बाजारात स्वस्त डीडीआर३ च्या काही पट्ट्या फक्त एएमडीच्या जुन्या बोर्डांवर चालतात. दिसायला डिट्टो तशाच, खाचही त्याच जागी, पण आतल्या चिपची मांडणी इंटेलच्या प्रोसेसरला वाचता येत नाही. विकणाऱ्याने हे सांगितलं नव्हतं. बिल होतं म्हणून बदलून मिळाली. डीडीआर३ घेताना “इंटेलवर चालेल ना” हे विचाराच, आणि जमलं तर मशीन दुकानात नेऊन लावून बघूनच पैसे द्या.

विंडोज नव्याने टाकायचं नाही हे मी ठामपणे सांगितलं होतं. माझं मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर यूएसबी लॉकवर चालतं, म्हणजे ती छोटी किल्ली मशीनला लावलेली असेल तरच, आणि त्याची माझ्याकडची आवृत्ती नव्या मशीनवर उठेल याची हमी कोणीच देईना. नवं घेण्यातली खरी भीती बेचाळीस हजारांपेक्षा हीच होती. युनिकोडच्या (आता सगळ्या मशीनवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या) आधीच्या फाँटमधली शेकडो पानं त्या एका लॉकमागे आहेत. म्हणून एसएसडीबरोबर मिळणारं क्लोनिंगचं सॉफ्टवेअर वापरून जुनी डिस्क जशीच्या तशी एसएसडीवर उतरवली. नको असलेले व्हिडिओ आणि फोटो आधी हलवून माल ३१० जीबीवर आणला, कारण एक टीबीतलं पाचशेत बसवायचं होतं. अडीच तास लागले. मग केबल बदलली, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) एसएसडी पहिली केली आणि बटण दाबलं.

अठ्ठावीस सेकंदांत डेस्कटॉप आला, आणि आला तो कामाला तयार. मी डीटीपीचं सॉफ्टवेअर, फाइल आणि ब्राउझर असं लागोपाठ उघडलं. बटणापासून पहिल्या पानापर्यंत पाऊण मिनिट. नऊ महिन्यांनंतर परवा पुन्हा मोजलं, एक्कावन्न सेकंद. म्हणजे ही नव्याची नवलाई नव्हती.

रोजच्या कामातला फरक सांगायचा तर फाँटची यादी उघडणं. माझ्याकडे मराठीचे चारशेच्या वर फाँट आहेत. पूर्वी यादीवर क्लिक केलं की मी पाणी पिऊन यायची, आता ती लगेच खाली उतरते. पत्रिकेच्या मथळ्याला पाच-सहा फाँट लावून गिऱ्हाईकाला तिथेच दाखवता येतात. पूर्वी मी दोनच दाखवायची, कारण तिसऱ्याला माझाच धीर सुटायचा.

एक चूक जुलैमध्ये लक्षात आली. एच८१ च्या बोर्डवर चार साटा पोर्ट (डिस्कची केबल लावायच्या जागा) असतील तर दोन ६ गिगाबिटचे आणि दोन ३ गिगाबिटचे असतात. आम्ही एसएसडी कमी वेगाच्या पोर्टमध्ये खुपसली होती. डिस्कचा वेग मोजणाऱ्या क्रिस्टलडिस्कमार्कमध्ये वाचनाचा वेग सेकंदाला २७० एमबी दिसत होता, केबल ६ गिगाबिटच्या पोर्टमध्ये लावल्यावर ५४० झाला. आकडा दुप्पट झाला, पण मन लावून बघूनही मला कामात फरक जाणवला नाही. बारीक फाइली झटपट मिळणं हाच सगळा खेळ आहे. त्यामुळे “जुन्या बोर्डवर एसएसडीचा पूर्ण वेग मिळत नाही, टाकून काय उपयोग” असं कोणी म्हणालं तर ऐकू नका.

आता जे सुधारलं नाही ते. मोठ्या स्मरणिकेची पीडीएफ काढायला आधी लागायची तेवढीच वेळ आजही लागते, कारण तिथे प्रोसेसरच राबतो आणि प्रोसेसर तोच आहे. यूट्यूबवर मोठा व्हिडिओ लावला की पंखा गरगरतो. या पिढीच्या इंटेलच्या ग्राफिक्समध्ये यूट्यूबचे नवे फॉरमॅट उलगडायची पुरती सोय नाही, ते ओझं प्रोसेसरवर पडतं. एच२६४इफाय हे ब्राउझरचं एक्स्टेंशन टाकलं की यूट्यूब जुन्या फॉरमॅटमध्ये व्हिडिओ देतं आणि पंखा शांत होतो, मात्र १०८० च्या वरची क्वालिटी मिळत नाही. आमच्या मॉनिटरला १०८० पुरते.

याच पिढीचा जास्त ताकदीचा आय७-४७९० प्रोसेसर जुन्या बाजारात मिळतो, तो टाकावा असंही मनात आलं होतं. नाही टाकला. माझ्या बोर्डवरच्या सॉकेटची, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या खाचेची, वाट तिथेच संपते. एसएसडी, मॉनिटर, कीबोर्ड, यूपीएस यांवर घातलेला पैसा पुढच्या मशीनमध्ये आपल्याबरोबर येतो. डीडीआर३ रॅम आणि जुना प्रोसेसर यांवर घातलेला पैसा या कॅबिनेटबरोबरच जाणार. म्हणून रॅमला अकराशे दिले, कारण तेवढी गरजच होती, आणि पुढे हात आखडला. माझ्या मते बदलायचं की सुधारायचं हे ठरवताना दर वस्तूला हाच प्रश्न विचारावा. मशीनचं वय त्यानंतर बघावं.

वयाचा खरा फटका बसला तो विंडोजकडून. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागतं आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. माझा चौथ्या पिढीचा. आडवाटेने टाकता येतं, पण पुढचे अपडेट मिळतीलच असं मायक्रोसॉफ्ट म्हणत नाही आणि ज्या मशीनवर लोकांची कामं आहेत त्यावर मी ते करणार नाही. त्याऐवजी वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नाव नोंदवलं. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉग इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की ते फुकट मिळतं. विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती असावी लागते आणि मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे.

त्यापुढची तयारी दिवाळीनंतर सुरू केली. एसएसडीचे ऐंशी जीबी मोकळे करून त्यात विंडोजऐवजी चालणारी लिनक्स मिंट २२ ही फुकट सिस्टिम टाकली, त्याचे अपडेट एप्रिल २०२९ पर्यंत येणार आहेत. मशीन सुरू होताना कुठे जायचं ते विचारतं. बँक, ईमेल, वीजबिल, सरकारी साइट आता सगळं मिंटमध्ये. डीटीपी तेवढं विंडोजमध्ये. मिंटमध्ये मराठीसाठी इन्स्क्रिप्ट हा कीबोर्ड मिळतो. माझा हात टाइपरायटरच्या रेमिंग्टन कीबोर्डवर बसलेला, त्यामुळे तीन आठवडे बोटं चुकत होती. आता ईमेल इन्स्क्रिप्टमध्ये आणि पत्रिका रेमिंग्टनमध्ये, दोन्ही चालतं.

माझं जमलं म्हणून सगळ्यांचं जमेल असं मात्र नाही. दिरांचं मशीन २०१८ चं, आठव्या पिढीचा आय३-८१०० प्रोसेसर. विंडोजची तपासणी ते ११ साठी अपात्र म्हणत होती. बायोसमध्ये जाऊन इंटेल पीटीटी चालू केलं, तेच टीपीएमचं काम करतं, आणि तपासणी पास झाली. त्यांना फक्त एसएसडी लागली. उलट शेजारच्या काकांचं मशीन कोअर टू ड्युओ या माझ्याहूनही जुन्या प्रोसेसरचं. त्यातही एसएसडी टाकून पाहिली. सुरू लवकर व्हायला लागलं, पण ब्राउझरमध्ये दोन पानं उघडली की प्रोसेसरच शंभरावर. तिथे मीच म्हणाले, काका, नवं घ्या. त्यांची एसएसडी नव्या मशीनमध्ये गेली. आणि घरात कोणाला कॅड (संगणकावर नकाशे-आराखडे काढणं), व्हिडिओ एडिटिंग किंवा आजचे गेम करायचे असतील तर माझ्यासारख्या मशीनवर वेळ घालवू नये.

डिसेंबरमध्ये तेच कोटेशन पुन्हा मागवलं. रॅमचे भाव भडकल्यामुळे आकडा पन्नास हजारांच्या वर गेला होता. आत्ता घाई करणार नाही. सध्या रोज संध्याकाळी अर्धा तास जुन्या फाइली एकेक उघडून पीडीएफ करते आणि ज्यांचा मजकूर पुन्हा लागेल त्या युनिकोडमध्ये उतरवते, म्हणजे पुढे मशीन बदलताना ते यूएसबी लॉक आडवं यायला नको. सोळाशेपैकी साडेचारशे झाल्या. काल २०१४ सालची एक लग्नपत्रिका उघडली, त्याच घरची मुंजीची पत्रिका आता टेबलावर आहे. देवांची नावं आणि आप्तेष्टांची यादी तीच, फक्त आजोबांच्या नावामागे या वेळी कैलासवासी लिहायचं आहे.