कापोएराच्या वर्गात दहा महिने: लेकीचा आणि माझा अनुभव

फेब्रुवारीत ब्राझीलमधल्या साओ पाउलोला राहायला आलो तेव्हा आठ वर्षांच्या लेकीला पोर्तुगीजचा एक शब्द येत नव्हता. शाळेत गप्प बसून राहायची. कापोएरा म्हणजे गाण्या-वाद्यांच्या तालावर दोघांनी खेळायचा, लढाई आणि नाच एकत्र असलेला ब्राझीलचा खेळ. घराजवळच्या कापोएराच्या वर्गात तिला घातलं ते एवढ्यासाठीच, की तिथे बोलावं कमी लागेल. आठवड्यातून दोन दिवस, एकेक तास.

पहिला महिनाभर नुसती जिंगा, म्हणजे डुलत राहायची मूळ चाल. एक पाय मागे, परत जागेवर, मग दुसरा मागे, हात चेहऱ्याच्या आड, आणि डुलणं थांबवायचं नाही. फी वाया चालली असं मला खरंच वाटलं. पण पुढचं सगळं ह्या डुलण्यातूनच निघतं. समोरच्याचा पाय गोल फिरत आला की त्याखाली झटकन उकिडवं बसायचं, जमिनीलगत वळत उठायचं, नाहीतर हातांवर चक्र घेऊन बाजूला व्हायचं. त्या चक्राला ‘आऊ’ म्हणतात. मुलांना पाय अंगाला लावू देत नाहीत. पडायला घाबरणारी माझी पोर आता पडली तरी गोल वळून उभी राहते.

खरी गंमत वाद्यांत आहे. बेरिंबाऊ म्हणजे तारेने ताणलेली वाकडी काठी आणि खाली बांधलेला पोकळ भोपळा. तार जुन्या टायरमधून काढतात. सगळं वजन डाव्या करंगळीवर, त्याच हाताच्या चिमटीत दगड, उजव्या हातात छडी आणि विणलेला खुळखुळा. भोपळ्याचं तोंड पोटाला टेकवलं की आवाज दबतो, दूर नेलं की मोकळा होतो. पहिले पंधरा दिवस लेकीची करंगळी लालबुंद. व्हिडिओ कॉलवर आजी म्हणाली, “अगं, ही तर आपल्या एकतारीची बहीण!” गाणं एक जण म्हणतो आणि बाकीचे झेलतात, टाळकरी धृपद धरतात तसं. लेकीची जीभ शाळेच्या आधी ह्या झेलण्यातच सैल झाली. गुरूला मेस्त्रे म्हणतात, पण इथल्या तोंडी तो ‘मेस्त्री’च होतो. आपल्या सुतार-गवंड्यांचा मेस्त्री ह्याच पोर्तुगीज शब्दातून आलेला!

इतिहासाचा वेगळा तास नाही. एकदा मुलं जोडीजोडीने खेळत असताना शिक्षिकेने मध्येच ताल बदलला, घोड्याच्या टापांसारखा. तो ऐकताच खेळ मोडून पांगायचं, असं आधीच ठरलेलं. दोन मुलं खेळतच राहिली, त्यांना तिने ‘पकडलं’. मग सगळ्यांना जवळ बसवून सांगितलं. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांनी आणि त्यांच्या पोराबाळांनी हा खेळ घडवला. ब्राझीलमध्ये गुलामगिरी १८८८ साली संपली, आणि १८९० च्या दंडसंहितेने रस्त्यावर कापोएरा खेळणाऱ्याला दोन ते सहा महिने कैद ठरवली. घोडेस्वार पोलीस येताना दिसले की इशाऱ्याला हा ताल वाजवत, असं जुने लोक सांगतात. त्याचं नावच कावालारिया, घोडदळ. त्या रात्री लेकीने विचारलं, “आई, सुटका झाल्यावर पण का पकडायचे?” मला पटकन उत्तर देता आलं नाही.

जुलैच्या सुट्टीत मुद्दाम ब्राझीलमधल्याच साल्वादोर शहरात गेलो. कापोएराचे नामवंत गुरू मेस्त्रे बिंबांनी १९३२ मध्ये शाळा काढली ती ह्याच शहरात, आणि १९४१ मध्ये दुसरे गुरू मेस्त्रे पास्तिन्यांनी कापोएराच्या ‘अंगोला’ नावाच्या जुन्या पद्धतीची. सांतो अँतोनियोच्या किल्ल्यात आता कापोएराचे वर्ग भरतात. तिथे अंगोलाचा खेळ पाहिला, संथ, जमिनीला चिकटून. भराभर पाय फिरवायची सवय लागलेली लेक तासभर हलली नाही.

आता खटकलेलं. इथे प्रत्येकाला टोपणनाव मिळतं. बंदीच्या काळात खरं नाव पोलिसांना कळू नये म्हणून ही रीत पडली म्हणतात. माझ्या हडकुळ्या लेकीला ‘काडी’ म्हणायला लागले आणि ती घरी येऊन न जेवता झोपली. मी शिक्षिकेशी बोलले. तिने ऐकून घेतलं आणि पुढच्या वर्गात लेकीलाच नाव निवडू दिलं. ती आता ‘बेजा-फ्लोर’ आहे, म्हणजे फुलं चुंबणारा चिमुकला पक्षी. पण शरीरावरून नाव मुळात ठेवायलाच नको होतं. दुसरं, वर्षअखेरच्या बातिझादोचा, म्हणजे कमरेची पहिली दोरी मिळते त्या समारंभाचा, खर्च वेगळा होता आणि तो जेमतेम दोन आठवडे आधी सांगितला. फरशीवर मनगटं दुखतात. खाली मॅट हवीच.

पुढच्या वर्षासाठी नाव घातलंय, आणि छोट्या मापाचा बेरिंबाऊही घेतलाय. तुम्ही शोधत असाल तर आधी एक वर्ग पूर्ण बसून बघा, आणि वाद्यं मुलांच्या हातात देतात का तेवढं आवर्जून पाहा. ह्याआधी आम्ही एक वर्ग पाहिला होता, तिथे गाणी स्पीकरवर लागत. मुलं उड्या फार सुंदर मारत होती, पण मधेच गाणं बंद पडलं तेही कोणाच्या लक्षात आलं नाही.