जुन्या ट्रॅक्टरला डिझेलमधलं पाणी वेगळं काढणारा वॉटर सेपरेटर बसवला, आठ महिने झाले

आमची शेती चोपडा तालुक्यात, निम्मी केळी निम्मा कापूस, ट्रॅक्टर 1994 चा तीन सिलेंडरवाला. कंपनी सांगत नाही, उगा वाद नको. मागच्या उन्हाळ्यात नांगरटीला लावला की वीस-पंचवीस मिनिटं झकास चालायचा, मग रेस वरखाली वरखाली आणि गप्प. प्रायमर म्हणजे डिझेलचा हातपंप मारा, हवा काढा, चालू करा, की परत तेच. मिस्त्री म्हणे डिझेल पंप गेला, म्हणजे इंजिनाला दाबाने डिझेल देणारा. पंप उतरवला, जळगावला कॅलिब्रेशन म्हणजे मापात जुळवून आणला, आठ हजार गेले आणि बसवल्यावर पहिल्याच दिवशी शेताच्या मधोमध परत बंद. एप्रिलचं ऊन, डोकंच फिरलं.

शेजारच्या मळ्यातले काका, जन्मभर ट्रक चालवलेले, ते म्हणाले, "पहिले कॅन टांगी देख भो, मंग पंपले हात लाव." म्हणजे काय, तर पाच लिटरचा स्वच्छ कॅन टाकीच्या उंचीवर टांगायचा आणि पारदर्शक पाईपने डिझेल थेट फीड पंपाला, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाला द्यायचं, टाकी बाजूला. दोन तास लोडवर चालला, एकदाही बंद नाही! म्हणजे पंप चांगलाच होता, आठ हजार पाण्यात. घोळ टाकी ते फीड पंप एवढ्याच भागात होता. टाकी उघडली तर आतली जाळी गाळाने बुजलेली, झाकणाचं हवेचं बारीक भोक मातीने बंद, आणि रबरी पाईपला क्लिपजवळ चीर. आम्ही ओलं कुठं दिसतं ते शोधत बसलो होतो, पण जाळी बुजली की फीड पंप मागून जोरात ओढतो, तेव्हा चिरेतून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते.

टाकी धुतली, पाईप बदलला आणि जूनमध्ये तिथेच सेपरेटर बसवला, खाली पारदर्शक वाटी आणि पाणी सोडायचा कॉक असलेला, 1350 ला पडला. खरं सांगायचं तर पहिले पंधरा दिवस वैताग, कारण नवीन वस्तू म्हणजे चार नवीन जोड, आणि प्रत्येक जोड हवा घ्यायला तयार. मी शहाणपणा करून जुनेच तांब्याचे वायसर लावले होते, वरून नळाची पांढरी टेप गुंडाळली. हे करू नका, टेपचे तुकडे तुटून आत जातात. मग सेपरेटरच्या आधी आणि नंतर वीतभर पारदर्शक पाईप टाकला, आणि हीच सगळ्यात कामाची गोष्ट निघाली. आधीच्या पाईपात बुडबुडे नाहीत, नंतरच्यात आहेत, म्हणजे चोर सेपरेटरमध्येच. वाटीची रबरी रिंग पिळली होती. दहा रुपयाची रिंग, नवीन वायसर, काम झालं. हवा काढताना आधी फिल्टरचा स्क्रू, बिनबुडबुड्याचं डिझेल आलं की तो आवळून मग पंपाचा, हा क्रम सोडू नका.

पावसाळ्यात वाटीत बोटभर पाणी! आधी वाटलं पेट्रोल पंपवाला फसवतो, पण चूक आमचीच होती. डिझेलचा ड्रम उघड्यावर उभा, वर पावसाचं पाणी साचतं, दिवसा ड्रम तापतो, रात्री गार झाला की आतली हवा आकसते आणि बुचाच्या आट्यातून तेच पाणी आत ओढलं जातं. आता ड्रम शेडमध्ये आडवा असतो, आणि ट्रॅक्टरची टाकी संध्याकाळीच भरतो, अर्धी राहिली की रात्री आत दव धरतं. तेव्हापासून वाटीत थेंब-दोन थेंब, बस. कागदी फिल्टरही आता काळा ठिक्कर निघत नाही.

बाकी याने सगळं ठीक होईल असं समजू नका. डिसेंबरात वखरणीला काळा धूर आणि ठकठक सुरू झाली, त्यात सेपरेटर काय करणार. स्लो रेसवर एकेका नोझलच्या, म्हणजे सिलेंडरात डिझेल फवारणाऱ्या तोटीच्या, पाईपचा नट थोडा ढिला केला, दोन ठिकाणी इंजिन लगेच बसलं, तिसऱ्यावर काहीच फरक नाही, म्हणजे तोच सिलेंडर काम करत नव्हता. त्याचा नोझल टेस्टरवर लावला तर फवारा कुठला, नुसता टपकत होता. नट ढिला करताना हात आणि तोंड लांब ठेवा, त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत शिरतं, बाहेर सुई टोचल्याएवढं दिसतं आणि आतून हात सडतो, असं झालं तर घरी हळद लावत बसू नका, तडक दवाखाना गाठा.

तक्रारी दोन. वाटी पिवळी पडलीय, सायलेन्सरच्या बाजूला बसवली ही माझी चूक, पण कॉकची प्लास्टिक मूठ चौथ्याच महिन्यात तुटली, आता पकडीने फिरवतो. आणि वाटी सुटी मिळत नाही, दुकानदार म्हणतो पूर्ण सेटच घ्या. पुढचा घेईन तो पितळी कॉकवालाच, आणि बसवीन दुसऱ्या बाजूला.