मुंबई पोलीस शिपाई भरती: मैदान चोख, मैदानाबाहेरचं कच्चं

सरकारी भरतीत इतकं उघड गुणपत्रक क्वचितच दिसतं. मैदानी ५० गुण, लेखी १००, आणि तोंडी मुलाखत नाहीच. म्हणजे 'वरून फोन' चालायची एक खिडकी मुळातच बंद. २०१९ मध्ये आधी लेखी, मग मैदान असा उलटा क्रम लावला होता. तो बदलून पुन्हा मैदान आधी केलं, ते बरं झालं. मैदानात निम्मे गुण हवेत, त्यातून प्रवर्गनिहाय एका जागेमागे दहा जण लेखीला जातात.

पुरुषांची १६०० मीटर धाव ५ मिनिटं १० सेकंदांत आली तर पूर्ण २० गुण. महिलांना ८०० मीटर, २ मिनिटं ५० सेकंद. १०० मीटरला ११.५० सेकंद (महिलांना १४) आणि गोळाफेकीला साडेआठ मीटर (महिलांना ६) असले की प्रत्येकी १५. खरी मेख गोळ्यात आहे. मोठ्या धावेत थोडं मागे पडलात तर दोनच गुण जातात. गोळा साडेआठला जरासा कमी पडला की एकदम तीन. तरी पोरं महिनोन्‌महिने धावतात आणि ७.२६० किलोचा गोळा शेवटच्या पंधरवड्यात हातात घेतात. मग तो खांद्यावरून ढकलण्याऐवजी चेंडूसारखा फेकला जातो, नाहीतर पाय वर्तुळाबाहेर पडतो आणि फेक बाद. हे ताकदीचं कमी, तंत्राचं जास्त काम आहे.

धावेची वेळ पायातल्या चिपवर मोजतात, त्यामुळे 'घड्याळ उशिरा दाबलं' ही जुनी तक्रार मिटली. पूर्ण गुण त्या मोजणीला.

आता उणं. २०२४ ची मैदानी चाचणी १९ जूनला सुरू केली, म्हणजे ऐन पावसात. चिखलात १०० मीटरची वेळ कशी येणार? पाऊस पडला की तारीख पुढे, आणि गावाकडून आलेल्या पोराच्या राहण्या-खाण्याचा खर्च त्याच्याच डोक्यावर. लेखीतही मुंबईत २०२३ साली ब्लूटूथ कॉपीचे गुन्हे दाखल झाले. केंद्राच्या दारावरची झडती तेव्हा कमी पडली.

अर्जातली हमखास चूक: एकाच पदासाठी दोन घटकांत (म्हणजे दोन जिल्ह्यांच्या किंवा आयुक्तालयांच्या पोलीस दलांत) अर्ज. तो बाद होतो. नॉन-क्रिमिलेअरची (मागासवर्गीय आरक्षणासाठी लागणाऱ्या उत्पन्नाच्या दाखल्याची) तारीखही जाहिरातीशी ताडून घ्या.

भरती झाल्यावर काय मिळतं, हे मात्र गुणपत्रकात नाही. आठ तासांची ड्युटी २०१६ मध्ये मुंबईच्या देवनार पोलीस ठाण्यात सुरू झाली, तिथल्याच एका अंमलदाराच्या आखणीवरून. दत्ता पडसलगीकर तेव्हा मुंबईचे पोलीस आयुक्त होते, त्यांनी ती उचलून धरली. मार्च २०२१ ते जुलै २०२२ मध्ये मात्र त्या खुर्चीत तीन आयुक्त बसले. इतक्या फेरबदलांत ड्युटीचा तक्ता कोण सांभाळणार?

मैदानाला पाचपैकी चार, व्यवस्थेला दोन.