दात साफ करायला कुठे जावं: दंत महाविद्यालय की गावातला दवाखाना?

खानापूरच्या मावशींचं ठरत नव्हतं: दात तपासून साफ करायला बेळगावात केएलई या शिक्षणसंस्थेच्या दंत महाविद्यालयात जावं, की गावातल्याच दवाखान्यात?

खर्च महाविद्यालयात कमी. पण केसपेपर, रांग, विद्यार्थ्याचं काम, मग प्राध्यापकांची तपासणी. बसप्रवास धरून दिवस जातो. दवाखान्यात तासाभरात मोकळे.

काम दोन्हीकडे तेच. ब्रशने न निघणारा दातांवरचा कडक थर, म्हणजे कीटण, यंत्राच्या कंपनांनी काढतात. त्याने दात सैल होतात ही भीती मनातून काढाच, मावशी! हिरड्या सुटतात त्या साचलेल्या कीटणामुळे.

मावशींना मधुमेह आहे, हिरड्यांतून रक्तही येतं. त्यांनी महाविद्यालयातच जावं, हिरड्यांचे तज्ज्ञ आणि एक्स-रे तिथे एकाच जागी मिळतात. ज्यांच्या हिरड्या धड असून रजा मिळत नसेल, त्यांना गावातला दवाखाना बरा.