पेनड्राइव्हशिवाय लिनक्स मिंट: काही महिन्यांच्या वापरानंतर

लॅपटॉपचे यूएसबी पोर्ट गेले, तर दुरुस्तीवाल्याने थेट मदरबोर्ड बदलायला सांगितला. सहाव्या पिढीचा आय-थ्री, त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. चालतं मशीन भंगारात काढणं मला पटत नाही. विंडोज ठेवून शेजारी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. हे सहसा पेनड्राइव्हवरून करतात, पण पोर्टच मेल्याने ती वाट बंद होती.

पूर्वी पेनड्राइव्हशिवाय टाकायला उबुंटू या दुसऱ्या लिनक्सचं वुबी नावाचं साधन होतं, ते २०१३ मध्ये बंद झालं. आता विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह कमी केला, मोकळ्या जागेत ८ जीबीचं फॅट३२ पार्टिशन (डिस्कचा वेगळा भाग) केलं, मिंटची आयएसओ (इन्स्टॉल करायची डाउनलोड फाइल) उघडून सगळ्या फाइल्स त्यात कॉपी केल्या आणि बीसीडीएडिट या विंडोजच्या कमांडने बूटच्या (मशीन सुरू होतानाच्या) यादीत नोंद घातली. त्या नोंदीतून मिंट सुरू करून इन्स्टॉल केलं. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर हे करण्याच्या आधी रिकव्हरी की लिहून ठेवा.

खरा वैताग पुढे. मिंटमधून डी ड्राइव्ह उघडायचा, फाइल दुरुस्त करायची, सेव्ह दाबलं की ‘रीड-ओन्ली’, म्हणजे फक्त वाचा, बदलू नका! कारण विंडोजचं फास्ट स्टार्टअप. ‘शट डाउन’ म्हटलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं आणि ड्राइव्ह अडकवून ठेवतं. रीस्टार्ट केलं तर मात्र नीट सोडतं. बंद म्हणजे बंद असायला नको? हे सेटिंग मुळात चालूच असतं आणि याबद्दल कुणी सांगत नाही. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी स्लॅश एच ऑफ’ (powercfg /h off) दिलं, त्याने हायबरनेशन आणि त्यासोबत फास्ट स्टार्टअप बंद झालं, विंडोज एकदा पूर्ण बंद केलं, तेव्हा सुटका झाली. वर हायबरनेशनची फाइल गेल्याने सी ड्राइव्हवर तीनेक जीबी मोकळे झाले. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर हे सेटिंग पुन्हा बघायचं.

इन्स्टॉल झाल्यावर ते ८ जीबीचं पार्टिशन उडवायचं ठरवलं होतं. आता हात लावणार नाही. मध्यंतरी एका अपडेटनंतर ग्रबचा, म्हणजे सुरुवातीला मिंट की विंडोज ते विचारणारा, मेनू गायब झाला, सरळ विंडोजच उघडायला लागलं. बूट मेनूतून त्याच पार्टिशनवरचं लाइव्ह (इन्स्टॉल न करता चालणारं) मिंट सुरू केलं, त्यातलं ‘बूट रिपेअर’ चालवलं, मेनू परत आला. पोर्ट मेलेल्या मशीनला घरचाच दुरुस्तीवाला मिळाला, फुकटात.

डिस्कच गेली तर मात्र तेही जाणार. त्यामुळे फोटो आणि कागदपत्रांची प्रत नेटवर्कवरून घरातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर टाकतो.